खडी वाढली, खुर्च्या गेल्या

धंदा जितका वाढेल तितकं घर रिकामं होतं, हा चमत्कार सिद्ध करून दाखवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बोरीवलीच्या टेकडीमागे त्याची दगडखाण होती आणि टेकडीच्या अलीकडे घर. 'खाण' म्हटलेलं त्याला खपत नसे. तो 'मायनिंग कंपनी' म्हणायचा. कंपनीत खडी फोडणारा एक जुनाट क्रशर, सुरुंग लावून लावून अर्धा बहिरा झालेला एक म्हातारा, काही मजूर आणि मॅनेजिंग डायरेक्टर म्हणून हा स्वतः, बारा महिने करड्या धुळीत माखलेला. सत्यनारायणाला आला तरी पाटावर त्याच्या बैठकीचा ठसा उरायचा.

ऐंशीनंतर उपनगरात जिकडेतिकडे इमारती उठू लागल्या आणि खडीला मरणाची मागणी आली. साडूने ताबडतोब उत्पादन दुप्पट करायचं ठरवलं. दुसरा क्रशर कर्ज काढून आला, डिझेल दुप्पट लागलं, मजूर दुप्पट झाले. पैसे मात्र दुप्पट उशिरा येऊ लागले, कारण खडी नेणारे कंत्राटदार इमारत उभी राहिल्याशिवाय खिशात हात घालत नसत. मजुरांना दर शनिवारी रोख पगार लागे आणि तो शनिवार ह्या गृहस्थाने कधी चुकवला नव्हता. त्यासाठी तो घरातली एकेक वस्तू विकायचा. आधी रंगीत टीव्ही गेला. आम्ही मॅच बघायला मुलुंडहून सहकुटुंब पोचलो, तर टीव्हीच्या जागी नुसता क्रोशाचा रुमाल. "अरे, ऑर्डर केवढी मिळालीय माहितीय?" हा आनंदाने म्हणाला. पुढे सोफा गेला, फ्रिज गेला. मग खुर्च्या गेल्या आणि टेबल तेवढं राहिलं, म्हणून काही दिवस ती मंडळी उभ्याने जेवत होती. मी घरात शिरताच चारी भिंती बघून विचारायचो, "काय रे, भरभराट जोरात दिसतेय?" तो खूश होऊन हसायचा. टोमणा कळायला लागणारी नससुद्धा त्याने बहुधा विकून टाकली असावी.

"उधारीवर कशाला देतोस यार? वाट लागेल तुझी," मी एकदा सुनावलं. तर चटईवर मांडी घालून मलाच शिकवायला लागला, "तू नोकरदार माणूस, तुला नाय कळणार. हे तीन महिने निघू देत फक्त." हे तीन महिने तेव्हा तीन वर्षं चालले होते.

घरात एकच वस्तू शाबूत होती, माझ्या मेव्हणीचं शिलाई मशीन. लोकांचे ब्लाउज शिवून तीच घर चालवायची. "ह्याला हात लावलात तर खाणीतच जाऊन राहा," असं तिने नवऱ्याला बजावलं होतं, आणि तिच्या बजावण्यापुढे सुरुंग मवाळ वाटायचा.

एका शनिवारी मी तिथेच होतो. मजूर पगारासाठी जिन्यात बसलेले आणि घरात विकण्यासारखं काही नाही. साडू सगळीकडे बघत होता, फक्त मशीनकडे बघायचं टाळत होता. मेव्हणी उठली, अर्धवट शिवलेला ब्लाउज सुईखालून काढला, दातांनी दोरा तोडला. "घेऊन जा. बिचारी माणसं कधीची बसलीयत."

ती भांडली असती तर त्याने मशीन नक्की विकलं असतं. ती अशी म्हणाली आणि तो सरळ जिन्यात गेला. त्याने मजुरांपुढे हात जोडले, पहिल्यांदाच दोन दिवस मागून घेतले आणि सोमवारी खाण विकली. घेणारा कोण, तर ज्याच्याकडे सगळ्यात जास्त थकबाकी होती तोच कंत्राटदार! त्याच्याकडे आता बरी रोख निघाली.

मजुरांचे पगार झाले, कर्ज फिटलं, उरलेल्यात घर पुन्हा भरलं. दिवाळीला गेलो तर टीव्ही, सोफा, खुर्च्या, वर काचेचं शोकेस. साडू इतका स्वच्छ की ओळखू येईना. सोफा सोडून चटईवर बसला होता. सवयीने मी बोलून गेलो, "काय रे, धंदा बुडालेला दिसतोय?"

ह्या खेपेला टोमणा त्याला कळला. मला फार वाईट वाटलं, पण शब्द सुटून गेला होता. तेवढ्यात टेकडीमागे सुरुंग उडाला आणि शोकेसमधले कप किणकिणले. तो मान वर करून ऐकत राहिला. मेव्हणीने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं होतं, त्याला नीट ऐकू यावं म्हणून.