मथुराने बदलून आणलेला कीबोर्ड

मालवणच्या मासळीबाजारात बसून मथुराचा जन्म गेला. आतडी, खवले, पाटीतून गळणारं गढूळ पाणी, यातल्या कशानेही तिचं नाक कधी मुरडलं नाही. तिला किळस यायची ती एकाच गोष्टीची. नासका माल गोड बोलून गळ्यात मारायचा आणि वर ‘एक नंबर’ म्हणायचं, याची. आणि नेमकं तेच तिच्या बाबतीत घडलं.

वायरलेस कीबोर्ड आणि माऊसचा तो स्वस्तातला खोका तिने घरी आणून उघडला, तसा जळक्या रबराचा भपकारा आला. रोज कोळंबी सोलणाऱ्या मथुराने पदर नाकाला लावला.

“शी! सुंगटाची टरफलां कुजली तरी असो वास येनत नाय.”

खोका आणला होता मुलीसाठी, संचितासाठी. तिच्या जुन्या लॅपटॉपच्या कळा खाऱ्या हवेने केव्हाच मेल्या होत्या. शुक्रवारी तिची टायपिंगची ऑनलाइन परीक्षा होती. पास झाली तर हॉटेलांची बुकिंगं घरी बसून टाइप करायचं काम मिळणार होतं. नाहीतर पुण्यात मैत्रीण होती, रिया. तिच्या खोलीवर राहून नोकरी शोधायची, असं ठरलं होतं. नवरा गेल्यापासून घरात या दोघीच. पोरगी गेली की कढी खारट झाली हे सांगायलाही कोणी उरणार नाही, या विचाराने मथुराला रात्रभर डोळा लागत नसे.

संचिताने टाइप करायला घेतलं. एक कळ आत गेली ती आतच बसली, आणि पडद्यावर एकाच अक्षराची रांग सुरू झाली. माऊस हलवला तर बाण जागचा हलेना, आणि हलला तो थेट कोपऱ्यात जाऊन आदळला. मथुराने पुढे होऊन अंगठ्याने दुसरी कळ दाबली. शिळा बांगडा दाबल्यासारखा खड्डा पडला आणि तसाच राहिला.

“आसांदे गो आये,” संचिता घाईघाईने म्हणाली. “चलात तसाच.”

पोर आपलं मन राखतेय, असं मथुराला वाटलं आणि तिचा संताप आणखीच वाढला.

दुसऱ्या दिवशी बाजार उठताच ती पाटीसकट प्रितमच्या दुकानात गेली. त्याचं मोबाइलचं दुकान बाजाराच्या तोंडालाच होतं, आणि त्याच्या ‘डोळे झाकून घेवन जा, मावशे’ या शब्दावर तिने खरंच डोळे झाकले होते. उभ्या जन्मात तिने असा माल घेतला नव्हता. तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

“मेल्या, ह्या काय मारलंस माझ्या गळ्यात?”

“बॅटरी उतारली असात, मावशे,” प्रितम हसत म्हणाला. “आनी विकलेलो माल आमी परत घेनत नाय.”

ते तुपात घोळलेलं ‘मावशे’ ऐकून मथुराने उरलेल्या बांगड्यांची पाटी उचलली आणि काचेच्या काउंटरवर ठेवली.

“आनी मी न विकलेलो माल परत नेनत नाय,” म्हणत तिने तिथेच स्टुलावर बैठक मारली.

बर्फाचं पाणी काचेवरून ओघळत मोबाइलच्या कव्हरांपर्यंत पोचलं. माश्या जमल्या. दारात मांजर येऊन बसलं. चार्जर बघणाऱ्या दोन पर्यटक मुली नाक दाबून बाहेर पळाल्या. प्रितमचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने आतून दुसरा, चांगल्यातला संच आणून दिला. मथुराने एकूण एक कळ अंगठ्याने दाबून पाहिली आणि मगच पाटी उचलली.

घरी येऊन तिने खोका संचितापुढे ठेवला आणि प्रितमची कशी जिरवली ते हातवारे करून सांगितलं. संचिताने चार ओळी टाइप केल्या. कीबोर्ड लोण्यासारखा चालत होता. पण पोरीची बोटं थांबली आणि चेहरा उतरला.

“आता काय झाला?”

संचिताने कीबोर्ड बाजूला सारला.

“आये, माका पुण्याक जावचा आसा. नापास झालंय तर तू सोडतलंस, म्हणान गप रवलंय.”

म्हणजे ‘चलात तसाच’ हे आईचं मन राखायला नव्हतंच; त्या मोडक्या कीबोर्डवर पोरीला नापासच व्हायचं होतं. पोटच्या पोरीनेही गोड बोलून फसवलं होतं. तिला राग यायला हवा होता, पण समोरच्या त्या झकास कीबोर्डकडे बघताना तिला शिसारी आली ती स्वतःची. पोरीला दारात बांधून ठेवायला आपण नवंकोरं दावं आणलं, तेही भांडून, आणि वर मिरवतोय.

मथुराने कीबोर्ड संचिताच्या पुढ्यात सरकवला.

“नापास होवन कित्या जातंस गो?” ती म्हणाली. “पास हो. आनी मगे जा.”