करंडीच्या बुडाचा कागद

बडनेऱ्याच्या स्टेशनावर बाबांनी खिडकीतून संत्र्यांची पिशवी आत दिली आणि एवढंच म्हणाले, "तिथं बी कागद बिघडतच असतीन. फेकू नको. धाडून देजो."

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. अकोल्याच्या छापखान्यात मी दगडावरची रंगीत छपाई शिकलो होतो, आणि एका शाईच्या व्यापाऱ्याच्या ओळखीने पॅरिसच्या छापखान्यात काम मिळालं होतं. अकोल्यात बिघडलेले कागद मी दर आठवड्याला वलगावला घरी नेत असे. बाबा ते संत्र्यांच्या करंड्यांच्या बुडाशी अंथरत. पण मुलगा सातासमुद्रापार चाललाय आणि यांना रद्दीची पडलीय, याचा मला इतका राग आला की मी धड निरोपही घेतला नाही.

तुम्ही जे गावाकडे मागे राहिलात, तुम्हाला वाटत असेल मी इथे मोठा कारागीर झालो. आणि माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना ठाऊक आहे की इथे आधी शिकलेलं विसरावं लागतं. अकोल्यात एकेका रंगाला वेगळा दगड, आणि रंगावर रंग केसभरही सरकता कामा नये. गणपतीच्या कॅलेंडरात माझा लाल एकदा सरकला, तेव्हा तिथले मिस्त्री म्हणाले होते, "देवाचं नाक गालावर गेलं. याची पूजा कोन करीन?"

पॅरिसला एक तरुण चित्रकार आमच्याकडे चित्र छापायला आला. चित्र कसलं, पिवळा डाग, काळ्या रेघा आणि डोळ्यासारखं काहीतरी. थंडीने माझी बोटं आखडली होती. एका कागदावर निळा चांगला दोन बोटं सरकला. मी तो गुपचूप रद्दीत टाकला. चित्रकाराने नेमका तोच उपसला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, सगळे असेच छापा. शिवाय खाली सही करून त्याने पहिला कागद मलाच दिला.

मला काही कळेना. तो माझी थट्टा करत होता, की मिस्त्रींनी मला उगाच बोल लावले होते? तरी सही होती. आपण कशासाठी घर सोडलं हे बाबांना दिसावं, असं फार वाटत होतं. मी तो कागद पुंगळी करून पाठवला. सोबत पत्र लिहायला बसलो, पण चित्राबद्दल काय लिहावं ते सुचेना. म्हटलं, आपल्याला समजलं की लिहू.

त्याआधी बाबांचंच पत्र आलं, बहिणीच्या अक्षरात. "कागद भेटला. एकच धाडला, पन जाड हाये. एका करंडीचं बूड झालं. तू इसरला नाई, मले लय बरं वाटलं. आनखी धाडजो."

करंडी केव्हाच बाजारात गेली असणार. मी हसलो, आणि मग रडू आलं. स्टेशनावर मी ज्या बोलण्यावर चिडलो होतो, तीच त्यांची माया होती, आणि माझी त्यांच्यापर्यंत पोहोचली ती रद्दी म्हणूनच. बिघडलेलं बिघडलेलंच असतं आणि तरी कामी येतं, ते माझं घर. इथे मला कुठलं बिघडलंय, तेवढंही सांगता येत नाही.

ते चित्र होतं, हे मी त्यांना कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी रद्दीतले वीस कागद बांधायला घेतले. त्यांत चुकून एखादा चांगला जाऊ नये म्हणून तीनदा चाळले, पण मला ओळखता येईना.