मामांनी उतरवलेला मेल

कंडक्टर मामा आलेल्या ईमेलला तिकीट विचारत. मोबाइल हातभर लांब धरायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि पडद्याकडे पाहून दरडावायचं, "कुठून बसला? कुठं उतरनार? पास कोनं देल्ला?" समोर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मामा मात्र हसत नसत. तुमसर डेपोच्या गाड्यांमध्ये उभ्याउभ्या नोकरी काढलेला माणूस तो. दारातून जो चढला त्याची चौकशी केल्याशिवाय घंटी द्यायची नाही, ही सवय निवृत्तीनंतरही त्यांच्या अंगातून गेली नव्हती.

सिहोऱ्यात ते सगळ्यांचेच कंडक्टर मामा. माझे मात्र खरे मामा, आईचे धाकटे भाऊ. लहानपणी सुट्टीत त्यांच्याच गाडीने आजोळी जायचं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना 'मामा' म्हणायचं, यात माझी केवढी तरी ऐट होती. खोटा पास त्यांना हातात न घेताच कळायचा. अर्ध्या तिकिटाच्या पोरांबद्दल त्यांचं एक शास्त्र होतं. "पोराले वय नोको विचारू, वर्ग विचार. वय मायनं शिकवून आनलेलं राहते, वर्ग शिकवाले ते विसरते." पण फुकट्याला उतरवतानाही ते गाव पाहून, झाडाची सावली पाहून गाडी थांबवत. भर उन्हात, जंगलात कुणाला सोडलं नाही. "उतरवाचं त सावलीत उतरवाचं," म्हणत. मला वाटतं, त्यांची सगळी माणुसकी या एका वाक्यात होती.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. मी शाळेत असल्यापासून मामा माझ्या पाया पडत आले. मी नागपूरला नोकरीला लागले, केस पिकू लागले, तरी तुमसरच्या बसस्टँडवर भर गर्दीत ते वाकायचे आणि मी संकोचाने मागे सरकायची. त्यांच्या लेखी भाचीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. मामी चिडवायची, "माहं बोलनं म्हनजे पंख्याचा आवाज, अन् भाची बोलली का हुकूम!" मामा म्हणायचे, "हाच मग हुकूम." मला हे सगळं गोड वाटायचं. या मानाबरोबर जबाबदारीही येते, हे तेव्हा कधी मनात आलं नाही.

मामांना धाप लागू लागली तेव्हा मीच त्यांना नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. हृदयाची एक झडप खराब झाली होती. ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची, गावची मंडई म्हणजे जत्रा आटोपल्यावरची मिळाली. नोंदणीसाठी ईमेल हवा होता, म्हणून मी तिथेच बाकावर बसून त्यांचा ईमेल काढून दिला. मामांना भारी मौज वाटली. "म्हनजे आता आपल्या घरी बिनापोस्टमनची डाक येईन?"

त्याच सुमारास गावातल्या कौशल्याबाई फसल्या. डोळ्यांच्या तपासणीची वेळ रद्द होत आहे, आजच्या आज पक्की करा, असा मेल त्यांच्या मोबाइलवर आला. त्यांनी मेलमधली लिंक दाबली, विचारलं ते सगळं भरलं, आणि विकलेल्या धानाच्या चुकाऱ्याचे पैसे खात्यातून गेले. बिचारीने चार दिवस चूल पेटवली नाही. मी कामच करते ते ग्राहकांच्या तक्रारींचं. रोज अशा फसवणुकी ऐकते. त्या रविवारी सिहोऱ्याला जाऊन मामांच्या छपरीत बायकांचा वर्ग घेतला. पाठवणाऱ्याचा पत्ता पाहायचा. तुमचं नाव न घालता नुसतं 'प्रिय रुग्ण' असेल तर सावध व्हायचं. कुणी घाई करत असेल तर त्याचा काहीतरी डाव असतो. लिंक दाबायची नाही. आणि शंका आली की दवाखान्याच्या कार्डावरच्या नंबरवर आपण स्वतः फोन लावून विचारायचं. बायका माना डोलवत होत्या. मामा भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे त आपलं जुनंच काम हाय. शंका आली का डेपोले विचाराचं."

तेव्हापासून संध्याकाळी मामांच्या छपरीत मोबाइल जमू लागले. कुणाची सोनोग्राफीची वेळ, कुणाच्या नावाचं फुकट तपासणी शिबिर, कुणाला आरोग्य कार्ड बंद पडण्याची धमकी. मामा एकेका मेलला दरडावत, पत्ता अक्षर अक्षर वाचत, आणि निकाल देत. खरा असेल तर "बसू दे." खोटा असेल तर "उतरव याले." मग मला फोन यायचा, "बाई, आज एकाले उतरवलं." मी शाबासकी द्यायची. ऑफिसमध्ये मैत्रिणींना मामांचे किस्से सांगायची. आपण शिकवलेला विद्यार्थी नाव काढतोय, याचा मला चक्क गर्व झाला होता.

धान कापणीच्या दिवसांत दुपारी त्यांचा फोन आला. माझ्यासमोर एक फसलेला माणूस रडकुंडीला येऊन बसला होता.

"बाई, आपल्याच दवाखान्याच्या नावानं आला हाय. तारीख अलीकडं घेतली म्हनते. येत्या सोमवारी भरती व्हा, नाई त नंबर दुसऱ्याले जाते."

"तुमचं नाव हाय का त्याच्यात?"

"नाई. प्रिय रुग्ण म्हनते."

"लिंक?"

"निळी पट्टी हाय. दाबा म्हनते."

"मग आनखी काय पाहिजे मामा? नाव नाई, घाई करून राहिला, वरून लिंक."

"तसंच वाटलं मले. पन मीनं कार्डावरच्या नंबरले फोन लावला, कोनी उचलूनच नाई राहिलं. म्हनून म्हटलं, तुले विचारतो."

"उतरवा त्याले," मी म्हणाले. "शाब्बास मामा!"

फोन ठेवला आणि समोरच्या माणसाकडे वळले. 'मला पाठवा, पाहते' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? अनोळखी ग्राहकाला मी ते दिवसातून कितीदा म्हणते. मामांना म्हटलं नाही, कारण ते चुकणार नाहीत अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर मी चुकणार नाही अशी खात्री होती.

मंडई झाली, ठरलेल्या तारखेला आम्ही दोघं पिशवी घेऊन दवाखान्यात पोचलो. मामी घरी जनावरांमुळे थांबली होती. काउंटरवरच्या मुलीने बराच वेळ नाव शोधलं आणि म्हणाली, "यांची तारीख अलीकडे घेतली होती. मेल पाठवला होता. पक्कं केलं नाही म्हणून नंबर पुढच्या पेशंटला गेला." तिने पडदा आमच्याकडे फिरवला. दवाखान्याने मेल पाठवण्याचं काम बाहेरच्या कुणाला तरी दिलेलं, म्हणून पत्ता अनोळखी. प्रिय रुग्ण. निळी पट्टी. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "हाच हाय." मग त्या मुलीलाच समजावलं, "पोरी, खऱ्या पासवर तुमी नाव लिहत जा. गरीब मानूस ओळखन कसा?" नवीन तारीख थंडी सरतानाची मिळाली. मामा पाणी प्यायला गेले आणि येताना माझ्यासाठीही ग्लास भरून घेऊन आले.

परतीच्या बसमध्ये मी रडले. मामा खिडकीशी बसले होते. म्हणाले, "घरी हे नोको सांगू. मी सांगतो, मेल आला होता, पन ऑपरेशनले डरलो अन् लपवून ठेवला."

"काहून मामा? चूक माही हाय."

"तुही मामी तोंडाची तिखट. एकडाव बोलली का आयुष्यभर बोलन. भाचीले माह्या घरात बोल लागला त मले जेवन नाई जानार." मग हसून म्हणाले, "मले काय होते? डरपोक म्हनतीन. म्हनू दे."

मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. तुमसर येईपर्यंत बाहेर पाहत बसले. माझ्या चुकीहून मला हे गप्प बसणं जास्त छळतं.

नव्या तारखेपर्यंत मामा थांबले नाहीत. एका सकाळी विहिरीवर तोंड धुता धुता खाली बसले, ते उठले नाहीत. पुढे मी त्या डॉक्टरांना गाठून विचारलं, आधी ऑपरेशन झालं असतं तर वाचले असते का? ते म्हणाले, "असं सांगता येत नाही." या वाक्याचा आधार घेऊन पाहिला. दिवसा थोडा पुरतो, पण सिहोऱ्याच्या बसमध्ये बसलं की पुरत नाही.

तेरवीच्या दिवशी मामी आल्यागेल्याला सांगत होती, "दारू पिऊन चढलेल्यायले कॉलर धरून उतरवे हा मानूस, अन् डॉक्टरच्या सुरीले डरला! बोलावनं आलं त लपवून बसला." सांगता सांगता रडायची, रडता रडता चिडायची. मग गावानेही ते उचललं. कुणी दवाखान्यात जायला टाळाटाळ केली की लोक म्हणत, "कंडक्टर मामासारखा डरू नोको बाप्पा." मी एकदा चौकात स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मान खाली घालून पुढे गेले. कुणाच्या बापाला न भ्यालेल्या माणसाचं नाव गावात भित्रेपणाचा दाखला झालं होतं, आणि ते माझं नाव झाकण्यासाठी.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा मामी लाखोरीची डाळ पाखडत होती. शेजारच्या घरची नवी सून बसली होती, तिला तीच गोष्ट सांगणं चाललं होतं. "डरपोक होते वो तुहे मामासासरे..." मी म्हणाले, "मामी, थांबा." आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. फोन, शाब्बास, बसमधलं बोलणं, सगळं. सून हळूच उठून गेली. मामीने सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता तोंड सुटेल. मी त्याचीच वाट पाहत होते. मारलं असतं तरी बरं वाटलं असतं.

"म्हनजे हे डरले नोव्हते?" तिने विचारलं.

"नाई."

"अन् मी इतके दिवस त्यायले डरपोक म्हनून राहिली, अन् तू बसून आयकून राहिली?"

"हो."

तिने सूप भिंतीशी सरकवलं. मग म्हणाली, "मीनं साऱ्या गावाले सांगतलं वो." उठली, पदर खोचला, चपला पायात घातल्या. "चाल. आता तूच सांग."

आणि आम्ही दारोदार निघालो. मामी पुढे, मी मागे. दारात उभं राहून मामी म्हणायची, "हे काय म्हनते ते आयका," आणि बाजूला व्हायची. मी सांगायची की मामा ऑपरेशनला घाबरले नव्हते, मेल खरा होता, तो खोटा आहे असं मी त्यांना सांगितलं. लोक ओशाळायचे, चहाला बसा म्हणायचे. मामी बसू देत नव्हती. एका घरी म्हातारी कळवळून म्हणाली, "जाऊ दे बाई, नशिबात होतं त्याच्या." मला ते शब्द झेलून घ्यावेसे वाटले. पण मामी कडाडली, "नशीब नोको म्हनू. तिले पुन्हा सांगू दे." मी पुन्हा सांगितलं, या वेळी आवाज न पाडता.

अंधार पडला तेव्हा आम्ही जेमतेम अर्ध्या गावात पोचलो होतो. शेवटची बसही निघून गेली होती. मामीने माझा हात धरला आणि घराकडे वळवलं.

"आज राहून जा," ती म्हणाली. "भात टाकतो. बाकीचं गाव सकारी."