पूजेत बसलेली रायफल

छत्रीबागेत जयसिंगराव गावड्यांची ओळख करून द्यायची तर लोक त्यांच्या पणजोबांपासून सुरुवात करतात. पणजोबा होळकरांच्या पागेत होते. जयसिंगराव स्वतः रेल्वेच्या सुरक्षा दलात हेड कॉन्स्टेबल. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्डाशेजारी बसायचं, वाटेत वॅगन फोडणाऱ्यांपासून माल सांभाळायचा आणि गार्डालाही सांभाळायचं, हे त्यांचं काम. काम धुळीचं आणि कंटाळ्याचं. पण पणजोबांचा विषय निघाला की जयसिंगरावांची मान आपोआप ताठ व्हायची. त्यांना ते आवडायचं, आणि सगळा घोटाळा या आवडण्यातच झाला.

गावड्यांच्या घरी खंडेनवमीला पणजोबांची तलवार पूजेत बसते. एकदा हळदकुंकू वाहिलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. तलवार इतकी गंजलेली, की एरवीही तिला कोणी हात लावत नाही, त्यामुळे हा नियम पाळायला घरात कधी कुणाला जड गेलं नाही.

जयसिंगरावांच्या चौकीत बहुतेक शिपाई बिहारचे, राजस्थानचे, भिंड-मुरैन्याकडचे. ते दसऱ्याला बंदुकांना टिळा लावायचे, नारळ फोडायचे आणि तासाभरात बंदूक पुन्हा खांद्यावर. जयसिंगरावांना हे फार उथळ वाटायचं. त्यांनी घरची रीत चौकीत आणली. नवमीला शस्त्रं पूजेत बसतील आणि दसऱ्याशिवाय उठणार नाहीत. तेवढा एक दिवस गाडीवर काठी घेऊन जायचं. कागदावर ड्यूटीला रायफल लावलेलीच असायची, पण कागद बघायला गाडीवर कोण येतं?

पुढे भदौरिया साहेब इन्स्पेक्टर म्हणून आले. त्यांना वर्तमानपत्रात दिसायची भारी हौस. त्यांनी या पूजेला पत्रकार बोलावले. तेव्हापासून दर दसऱ्याच्या अंकात फेटा बांधलेले जयसिंगराव आणि त्यांच्यापुढे झेंडूत झाकलेल्या रायफली असा फोटो यायला लागला. खाली मजकूर ठरलेला, की होळकरी परंपरेप्रमाणे नवमीला इथली शस्त्रं विश्रांती घेतात आणि जवान श्रद्धेच्या बळावर पहारा देतात. जयसिंगराव तो अंक घेऊन गल्लीभर फिरायचे.

झेंडूचा हार मात्र बडा गणपती मोहल्ल्यातून यायचा. तिथे अरविंद मुंगी राहायचा, मालगाडीचा गार्ड आणि जयसिंगरावांचा शाळेपासूनचा दोस्त. सरकारने त्याच्या पदाला आता ट्रेन मॅनेजर असं भारदस्त नाव दिलं होतं, पण त्याच्या डब्यात पंखा आला नव्हता तो नव्हताच. त्याची बायको मंगला दर नवमीला हार ओवून पाठवायची. नवरा ज्याच्या भरवशावर रानावनातून जातो, त्याच्या बंदुकीला हार आपला असावा, एवढीच तिची भावना.

गेल्या वर्षीच्या नवमीला खाद्यतेलाच्या डब्यांची मालगाडी दुपारी निघायची होती. गार्ड अरविंद, बंदोबस्ताला जयसिंगराव. अरविंदने त्यांच्या हातातली काठी बघितली.

"रायफल कुठाय रे?"

"नवमी आहे ना आज. पूजेत बसलीय."

"अरे, पण त्या लाइनवर आत्ताच वॅगन फुटलीय. मागच्या गार्डाला पत्थर मारले त्यांनी. चोरांची पण छुट्टी आहे का भिया आज?"

"पूजेतलं शस्त्र उठत नाही, अरविंद. काठी आहे. आणि मी आहे ना."

"चल, तू आहेस तर मग टेन्शन कशाचं," असं म्हणून अरविंद हसला आणि त्याने हिरवी झेंडी दाखवली.

देवासच्या पुढे सिग्नल मिळेना म्हणून गाडी उभी राहिली. दोन्ही बाजूंना सोयाबीन कापलेली मोकळी शेतं. अरविंदने डबा उघडला होता, मंगलाने दिलेल्या पुरणपोळ्या काढल्या होत्या, एवढ्यात पुढून लोखंडावर घाव पडल्याचा आवाज आला. वॅगनचं दार तोडत होते. जयसिंगराव खाली उतरले, शिट्टी वाजवत धावले. एरवी अशा वेळी रायफल नुसती खांद्यावरून उतरवली, की शेतातून पळणाऱ्या पाठी दिसायच्या. त्या दिवशी कोणी पळालं नाही. डबे उतरवणाऱ्यांतल्या एकाने वळून त्यांच्या हाताकडे पाहिलं, काठी पाहिली आणि तो चक्क हसला. मग दगड सुरू झाले.

अरविंद डब्याच्या दारात वाकून वॉकीटॉकीवर ड्रायव्हरला सांगत होता. दगड त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. जयसिंगराव काठी टाकून परत धावले आणि त्याला पोटाशी धरून डब्याच्या फळीवर बसून राहिले. समोर त्या माणसांनी आरामात, एकमेकांना हाका मारत, तेलाचे डबे वाहून नेले.

डोळा गेला. चोर मात्र लवकर सापडले, डबेही एका गोदामात मिळाले, आणि जखमी गार्डाला वाचवल्याबद्दल जयसिंगरावांना प्रशस्तिपत्र मिळालं. साहेबांनी शाल घातली. टाळ्या झाल्या. अरविंदला रेल्वेच्या डॉक्टरांनी गाडीसाठी अपात्र ठरवलं. सगळं आयुष्य रुळांवर काढलेला माणूस एका ऑफिसात आलेल्या टपालावर शिक्के मारायला बसला.

कोठडीतल्या चोराला जयसिंगरावांनी विचारलं होतं, एवढी हिंमत आलीच कशी? तो साध्या आवाजात म्हणाला, "दादा, नवमी को आपके पास बंदूक नहीं रहती। पेपर में हर साल आता है। फोटो तो आपका ही रहता है।"

भदौरिया साहेबांनी ते वाक्य जबाबात लिहू दिलं नाही. जयसिंगरावांच्या डोक्यातून ते गेलं नाही. फेटा बांधून, छाती काढून, ज्यांच्यापासून राखायचं त्यांनाच आपण राखण नसण्याचा दिवस दर वर्षी कळवत होतो. लाज वाटायची, पण सांगायची कुणाला? ते मोसंबी घेऊन अरविंदकडे जात. अरविंद क्रिकेटवर बोले, महागाईवर बोले. रायफलीचं नाव त्याने एकदाही काढलं नाही, आणि ते जयसिंगरावांना शिव्यांपेक्षा जड जायचं.

यंदा नवमी जवळ आली तसे ते साहेबांपुढे उभे राहिले. "साहब, ड्यूटीवाली रायफलें पूजा में मत रखवाइए। ये हमारे घर की रीत थी, मेरी गलती थी।"

"आपके घर की थी, जयसिंगजी, अब पोस्ट की है," भदौरिया साहेब म्हणाले. "पेपरवाले आ रहे हैं। फेटा अच्छा बाँधना।"

नवमीला बंदोबस्त जयसिंगरावांचाच होता, लाइन तीच, आणि गार्ड होता रतलामहून बदलून आलेला सुजय, घरी दोन लेकरं असलेला. बडा गणपतीहून यंदा हार आला नव्हता. जयसिंगरावांनी बाजारातून आणला. पूजा झाली, आरती झाली, फोटोवाला पुढे सरकला. जयसिंगरावांनी हार बाजूला केला आणि आपली रायफल उचलली. तिच्यावरचं हळदकुंकू त्यांच्या वर्दीवर सांडलं.

"ये क्या कर रहे हो?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"ड्यूटी पे जा रहा हूँ, साहब।"

गाडी गेली आणि आली. वाटेत एक कुत्रंसुद्धा जवळ फिरकलं नाही. हेच सगळ्यांत वाईट झालं. काही घडलं असतं तर जयसिंगराव शहाणे ठरले असते. काही घडलं नाही, म्हणून ते नुसतेच धर्मभ्रष्ट ठरले. दसऱ्याच्या अंकात फोटो आला तो रायफल उचलतानाचा, फेटा वाकडा झालेला. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. पुतण्या विक्रम घरी येऊन म्हणाला, "काका, बाकी जाऊ द्या, पण पणजोबांची इज्जत तरी ठेवायची होती. पूरा छत्रीबाग हसून राहिलाय."

संध्याकाळी जयसिंगराव आपट्याच्या पानांचं ताट घेऊन ओट्यावर बसले. दर वर्षी त्यांच्या पाया पडायला, सोनं द्यायला रीघ लागायची. यंदा गल्लीतली माणसं समोरच्या घरांत शिरत होती, हसत होती, पुढच्या घराकडे जात होती. बायकोने, लक्ष्मीबाईंनी आणून ठेवलेला चहा निवून गेला. अंधार पडायच्या बेताला कोपऱ्यावरून काळा चष्मा घातलेला एक माणूस भिंतीला हात लावत येताना दिसला. एका डोळ्याने ओट्याच्या पायरीचा अंदाज येईना, म्हणून तो क्षणभर तिथेच थांबला. जयसिंगराव धडपडत उठले आणि त्यांनी त्याला हात धरून वर घेतलं.

अरविंदने खिशातून आपट्याचं पान काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

"पेपरात बघितलं," तो म्हणाला. "मंगलाने वाचून दाखवलं."

जयसिंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. सबंध गल्लीत एक माणूस तरी आला, आणि तो हा आला. ते काही बोलणार, तेवढ्यात अरविंदने आपला हात सोडवून घेतला.

"उठते तर, जयसिंग, पूजेतली रायफल," तो म्हणाला, आणि भिंत चाचपत पायरी उतरला.