गोऱ्या पाहुण्याचा सत्कार

आमच्या गावचे बंधारे पाहायला परदेशातून दोन पाहुणे येणार, असा निरोप कर्जतहून आला. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, म्हणून दुभाष्याचं काम सरपंचांनी माझ्या गळ्यात टाकलं.

गाडीतून आधी एक गोरा तरुण उतरला, गळ्यात कॅमेरा. त्याच्यामागून पन्नाशीची एक काळीभोर आफ्रिकन बाई. सरपंच थेट तरुणाकडे धावले. हार, शाल, फेटा, नारळ, सगळं एका दमात त्याच्यावर चढलं. तो "नो, नो" म्हणत बाईंकडे हात करत होता, तर आमची मंडळी म्हणाली, काय विनयशील माणूस! बाईंना खुर्ची मिळाली ती मागे, ड्रायव्हरशेजारी.

मी त्या तरुणाशी दोन शब्द बोललो आणि सरपंचांच्या कानाशी लागलो. "मुख्य पाहुण्या त्या बाई आहेत. मातीच्या प्राध्यापक. हा पोरगा नुसते फोटो काढतो."

"ह्या? काय सांगता सर!" सरपंच मोठ्यानं म्हणाले. "इचारा तरी, त्यांच्याकडं मान्सं उन्हानं करपत्यात का जन्मताच आशी आस्त्यात?"

मंडप खदखदला. हसणाऱ्यांत तव्याच्या बुडापेक्षा उजळ एकही नव्हता. लेकीच्या बायोडेटात 'रंग गव्हाळ' असं धडधडीत खोटं लिहिणारे हे लोक. ज्या जमिनीला काळी आई म्हणून नारळ फोडतात, तिच्याच रंगाचं माणूस समोर आलं की यांना हसू फुटतं.

पण मी तरी काय केलं? बाईंना इंग्रजीत म्हणालो, "तुमच्याकडे ऊन किती असतं, असं विचारतायत."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. "उन्हाच्या प्रश्नावर एवढं हसतात इथे?"

वर्गात समतेवर निबंध लिहून घेणारा मी, सरपंचांची अब्रू वाचवत होतो.

बंधाऱ्याखालच्या शेतात सरपंच तरुणाबरोबर सेल्फी काढत सुटले. बाई मात्र वाफ्यात उकिडव्या बसल्या, मूठभर माती पाण्यात मळून बोटांनी तिची पट्टी ओढली, वाफ्यावरचा पांढरा थर नखानं खरवडला आणि म्हणाल्या, "पाणी फार देताय. क्षार वर येतायत. पाणी निचरायला चर काढा."

मी ते मराठीत सांगितलं. तिथं खुरपणाऱ्या मावशी खुरपं टाकून उठल्या. "दोन वर्सं झाली, मी ह्येच सांगतीया, रानाला मीठ फुटलंय म्हनून. माझं कोन ऐकतंय?"

हे मी शब्दन् शब्द बाईंना सांगितलं. त्या खळखळून हसल्या. मग दोघी बांधावर बसून माझ्या तोंडून तासभर बोलल्या.

निघताना मी बाईंजवळ कबूल केलं, की मघाचा प्रश्न मी बदलला होता.

"पुढच्या वेळी जसाच्या तसा सांगा," त्या म्हणाल्या. "उत्तर मी देईन."

महिन्याभरानं त्यांच्या सहीचा अहवाल आला. पंचायतीत मी तो मराठीत वाचून दाखवला. सरपंचांनी मान डोलावली. "बगा, गोऱ्या सायबानं बरोबर वळखलं."

"अहवाल बाईंचा आहे. तुम्ही ज्यांच्या रंगाला हसलात, त्यांचा."

"त्येच वो," सरपंच म्हणाले, आणि शिपायाला चहा सांगितला.