काकाजींची आभाळाला नोटीस

आमच्या सगळ्या महाल वस्तीत दुसऱ्याच्या खासगीपणाची कदर करणारा एकच माणूस उरला आहे, आणि तो आमच्या शेजारी राहतो. काकाजी उघड्या दारापाशीही खाकरतात. स्वतःच्याच स्वयंपाकघरात शिरण्याआधी "मी येऊन राहिलो वं" अशी काकूंना वर्दी देतात. पानठेल्यावर कोणाचा मोबाईल वाजला की आपलेच कान धरून चार पावलं लांब जातात. एकदा माझं वीजबिल चुकून त्यांच्याकडे पडलं, तर ते पालथं धरून आणलं. वर म्हणतात, "नाव वाचा लागलं बेटा, माफ करजो."

अशा माणसाच्या गच्चीवर या हिवाळ्यात ड्रोन घिरट्या घालू लागला. घरामागच्या लग्नाच्या हॉलवरून येतो म्हणे. कोणाचा, ते कोणी सांगेना. औषधांनी काकूंचे केस गेलेत. पारशिवनीला राहणाऱ्या आपल्या थकलेल्या आईपासून त्यांनी हे आजारपण लपवलं होतं. रुमाल काढून निवांत उन्हात बसायला त्यांना ती गच्ची तेवढी होती. काकाजी मान वर करून ओरडले, "काहून गा, वरून पाहून राहिला? खाली ये, बेल वाजव, चहा पी!"

मी अर्ज लिहून दिला. पोलीस ठाण्यात विचारलं, "ड्रोनचा नंबर आणला का?" अहो, नंबर वाचायला तो हाती तर लागला पाहिजे! ड्रोन कुठे उडवावा, कुठे नाही, याच्या नियमांनी आभाळाचे हिरवे, पिवळे, लाल भाग पाडलेत. उघड्या डोक्यानं बसलेल्या बाईसाठी एकही रंग नाही. मी संतापून पत्रकं वाटत फिरले. काकाजींनी आपला उपाय केला. गच्चीभर चुन्यानं, हातहात लांब अक्षरांत लिहिलं, 'कृपया विनापरवानगी पाहू नये.'

मी पोट धरून हसले. हसायला नको होतं. ड्रोनवाल्याला ती नोटीस फार आवडली. तिचा व्हिडिओ या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरला, आणि अक्षरांच्या कडेला, बाजेवर, काकू. तिसऱ्या दिवशी पारशिवनीहून फोन आला. आई एवढंच म्हणाली, "केस कुठी गेले वं, बाई?"

तेव्हापासून गल्लीत नुसती मोटरसायकल भुणभुणली तरी माझी मान वर जाते. व्हिडिओ काढून टाका म्हणून अर्जांवर अर्ज चालले आहेत. काकाजींनी चुना स्वतःच्या हातानं घासून काढला. "माहीच चुकी," म्हणाले. मी ओरडले, "तुमची कशी, काकाजी?" ते घासतच राहिले.

काकू आता वर जात नाहीत. खाली खिडकीशी ऊन जेमतेम तासभर येतं. काकाजी त्यांची खुर्ची उन्हाच्या मागे मागे सरकवत नेतात, आणि ऊन भिंतीवर चढलं की थांबतात.