शुक्रवारी सर्वांची बदली

ऑफिसात बदल घडवायला बाहेरून कुणी आलं, की बदल राहतो बाजूला, किस्से मात्र ढीगभर जमतात. महापेच्या आमच्या ऑफिसात डिस्पॅच आणि अकाउंट्स ही दोन भांडखोर खाती एकाच हॉलमध्ये आणायचं ठरलं, तेव्हाचे हे. कामोठ्याच्या माझ्या मैत्रिणींना ते पाठ झालेत, म्हणून आता तुम्हाला सांगते.

*

सुरुवात केली एचआरच्या नेहाने. मुलगी लखनौची, मराठीवर नवंनवं प्रेम. ट्रेनिंगची नोटीस तिने हौसेने मराठीत लावली: 'शुक्रवारी सर्वांची बदली. उपस्थिती आवश्यक. शेवटी नाश्ता मिळेल.'

तिला 'बदल' म्हणायचं होतं. आम्ही नेहाला ओळखून, त्यामुळे पोट धरून हसलो.

डिस्पॅचचे भोईर काका हसले नाहीत. काका घणसोली गावातले, भलतेच अबोल. आई अंथरुणाला खिळलेली, रोज दुपारी स्कूटरने घरी जाऊन तिला भरवून येतात. आमचं वाशीचं ऑफिस नुकतंच बंद होऊन तिथली माणसं नागपूरला गेली होती. काकांना नागपूर म्हणजे नोकरी सोडणंच. पण त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, आणि आम्ही आपल्याच हसण्यात.

*

शुक्रवारी ट्रेनर मॅडम म्हणाल्या, "आपली जागा सोडा, दुसऱ्या खात्यात जाऊन बसा."

अकाउंट्सच्या सावंत मॅडम उठल्या आणि स्वतःची खुर्ची ढकलत डिस्पॅचमध्ये निघाल्या. ट्रेनर मॅडमनी अडवलं, तर म्हणाल्या, "जागा बदलतेय की. पाठ माझी जुनीच आहे."

*

मग लोकरीचा गुंडा आला. ज्याच्यावाचून आपलं काम अडतं, त्याच्याकडे फेकायचा. गुंडा फिरूनफिरून भोईर काकांकडेच. एक वाजला तसे काका उठले ते गुंड्यासकट दाराबाहेर! लोकर सुटत सुटत लिफ्टपर्यंत गेली.

ट्रेनर मॅडम भारावल्या. "बघा, हे टीमला बाहेरच्या जगाशी जोडतायत."

"ते आईला जेवण भरवायला गेलेत," सावंत मॅडम म्हणाल्या.

*

काका परतले तेव्हा फुगे वाटणं चालू होतं. मनातली भीती फुग्यावर लिहायची आणि फुगा फोडायचा. आमच्या देसाई साहेबांनी 'ऑडिट' लिहून पहिला फोडला. मग सगळ्यांचे फटाफट फुटले. काका मात्र फुगा धरून बसलेले. त्यावर लिहिलं होतं, 'नागपूर'.

"काका, नागपूरची कसली भीती?" साहेबांनी विचारलं.

"सायब, आज सगल्यांची बदली हाय ना? मी नाय जाऊ शकत. आयशीला कोन भरवील?"

नेहाला तर रडूच फुटलं. आठवडाभर हा माणूस एकटाच हे उरात घेऊन फिरत होता, आणि आम्ही त्याच नोटिशीवर विनोद करत होतो. मला फार वाईट वाटलं.

साहेबांनी बोर्डावरची नोटीस काढून आणली, काकांसमोर 'बदली'ची वेलांटी खोडली. "कुणीही कुठे जात नाही. तुम्ही तर नाहीच."

काकांनी ती खोडलेली वेलांटी दोनदा निरखून पाहिली. सावंत मॅडमनी पाणी पुढे केलं. सगळ्या हॉलनेच श्वास सोडला.

"म्हंजे बदली कॅन्सल?"

"कॅन्सल."

काकांनी तळहाताने डोळे पुसले. मग जरा घुटमळत विचारलं, "सायब, मंग नाश्ता पन कॅन्सल का? आयशीला बदलीचं नाय सांगितलं. नाश्त्याचं सांगितलंय."